वाचणारीचं विसर्जन

शुक्रवार, २ ऑक्टोबर १९९८
रामवाडी, पेण

काल, गुरुवार दिनांक १ ऑक्टोबर १९९८ रोजी, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर माझ्या मालकीच्या एका बाईला पाण्यात बुडवण्यात आलं. वेळ अचूक आहे. बुडवणाऱ्यांनीच सांगितली. मुहूर्त बघितला होता म्हणे.

बाई ब्राँझची, वीतभर उंचीची. पुस्तकं फळीवर उभी लावली की कडेची घसरतात. ती घसरू नयेत म्हणून दोन टोकांना जड वस्तूंची जोडी ठेवतात, तिला बुकएंड म्हणतात. मराठीत याला शब्द नाही, कारण आपल्याकडे पुस्तकं उभी राहण्याइतकी जमतच नाहीत. मी तीस वर्षं अशा जोड्या जमवते आहे. जुन्या, अमेरिकेत घडवलेल्या, ब्राँझचं कवच चढवलेल्या. टेलिफोन खात्यात होते तेव्हा चोरबाजारातून आणल्या, पारशी घरांतल्या सामानाच्या लिलावांतून आणल्या, एक जोडी तर दातांच्या डॉक्टरकडून. तो द्यायला तयार नव्हता. मी त्याच्याकडून दाढा भरून घेत राहिले, शेवटी कंटाळून दिली.

ही जोडी दोन बसलेल्या बायांची. एक मांडीवरच्या पुस्तकात मान घालून वाचते आहे. दुसरी पानात बोट ठेवून वर बघते आहे. मी त्यांना वाचणारी आणि थांबलेली म्हणते. बुडवली ती वाचणारी.

रोह्याच्या वाचनालयाने नवरात्रात पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं होतं. चिटणीस पुंडलिकराव यांनी दोनदा खेप घालून ही जोडी मागितली, आणि मी दिली. आजवर मी कोणालाही काही दिलेलं नाही. एकदाच दिलं आणि हे झालं.

आज अकरा वाजता ते आले. फोन असताना माणूस बस पकडून येतो म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे मला फाटकापाशीच कळलं. काखेत टॉवेलात गुंडाळलेली थांबलेली.

"टिपणीसबाई, जरा घोटाळा झालाय."

"बसा. उभ्याने घोटाळे ऐकायची मला सवय नाही."

बसले. मग टॉवेलाकडे बघत सगळं सांगितलं. नऊ दिवस बायकांनी वाचणारीला सरस्वती समजून हळदीकुंकू वाहिलं, झेंडू घातला. मांडीवर पुस्तक असल्यावर आणखी कोण असणार? दसऱ्याच्या सकाळी पाटीपूजनाला पोरांची झुंबड उडाली, टेबल हललं, ती पडली. कोपराचा टवका उडाला.

"आत पांढरं दिसलं हो! प्लास्टर! आम्हाला वाटलेलं, अख्खी धातूची. धातूची असती तर चिंच लावून घासली असती, ठेवली असती पुन्हा. पण आत प्लास्टर म्हणजे आपल्या पेणच्या गणपतीसारखीच की. म्हणजे विसर्जनाचीच."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणाले. शिवाय भंगलेली. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत, सार्वजनिक वाचनालयात कशी ठेवायची? पण सगळं रीतसर केलं बरं का. आरती झाली, दहीपोह्यांचा नैवेद्य झाला."

"फक्त मला विचारणं राहिलं."

"ते... घाईत राहिलं."

मी त्यांना सांगितलं की या सगळ्या वस्तू आतून प्लास्टरच्याच असतात, वर ब्राँझचं कवच असतं, आणि अमेरिकेतला माणूस त्या नदीत सोडायला घडवत नाही. ते म्हणाले, "अहो, मग इथे पेणला काय, तश्शी करून मिळेल. तुमच्या शेजारीच कारखाना आहे. मी बोलू का त्यांच्याशी?"

मी दार दाखवलं. टॉवेल विसरून गेले आहेत. धुऊन ठेवणार नाही.

मला काय हवं ते इथे स्पष्ट लिहून ठेवते. मला वाचणारी परत हवी. भरपाई नको, बदली नको, दिलगिरी नको. जोडीतली एक गेली की उरते ती बुकएंड नव्हे, पेपरवेट.

शनिवार, ३ ऑक्टोबर

वाचनालयाला पत्र टाकलं. नदीत शोध घ्यावा आणि काय केलं ते लेखी कळवावं. कॉन्व्हेंटात आम्हाला सिस्टर सांगायच्या, रागात पत्र लिहिलं तर एक रात्र उशाखाली ठेवावं. ठेवलं होतं. सकाळी वाचलं तेव्हा मवाळ वाटलं म्हणून दोन वाक्यं वाढवली.

शेजारच्या मोरूने कुंपणावरून विचारलं, "बाई, देवी सोडली म्हणे रोहेकरांनी तुमची?" याचा गणपतीचा कारखाना. वर्षभर प्लास्टरची धूळ माझ्या खिडक्यांवर बसते, आणि गावातली बातमी याच्याकडे धुळीच्या आधी पोचते.

"देवी नव्हती," मी म्हटलं.

"मग कोन व्हती?"

"वाचक होती," म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

सोमवार, ५ ऑक्टोबर

लेखी उत्तर नाही. काल संध्याकाळी पुंडलिकराव स्वतः फोनवर. उद्या सकाळी ओहोटीला पाणी उतरेल, आम्ही घाटावर शोधणार आहोत, तुम्ही यायची तसदी घेऊ नका. म्हणून मी गेले.

पहिल्या एसटीने. डोलवीला कंपनीची शिफ्ट सुटलेली होती, गडबपर्यंत माझ्या खांद्यावर एक झोपलेला माणूस होता. उठवला नाही. बारा तास लोखंडाजवळ उभं राहून आला होता, आणि निदान त्याने तरी माझं काही बुडवलं नव्हतं.

घाटावर पुंडलिकराव विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बांबू घेऊन पाण्यात उभे. पासष्टीच्या माणसाच्या पोटऱ्या एवढ्या पांढऱ्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. बरोबर गिरजाबाई. या वाचनालय उघडतात, झाडतात, वर्तमानपत्रं लावतात. मला बघून त्या पायरीवर आल्या.

"ताय, मीच सोडली हो तिला. हलक्या हातान सोडली. आपटली नाय."

"हलक्या हाताने बुडवलं तरी बुडवणंच, गिरजाबाई."

त्यांनी मान हलवली आणि परत पाण्यात उतरल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तासभरात नारळ सापडले, एक स्टीलचा पेला सापडला, डाव्या पायाची एक चप्पल सापडली. थोड्या अंतरावर एक बाई गाळात हात घालून मासे चाचपत होती. बराच वेळ आमची मजा बघून तिने हाक मारली, "काय गो, सोनं पडलं काय?"

"पुस्तक वाचणारी बाई," मी ओरडले. ओरडल्यावर कसं ऐकू येतं ते कळलं.

"ती व्हय? ती माझ्याकडं हाय."

तिचं नाव मंगळी. नदीकाठच्या वाडीत राहते, भाताच्या दिवसांत कापणीला जाते, एरवी नदी. आम्ही तिघं तिच्या मागून गेलो. झोपडीच्या दाराशी उलट्या टोपलीवर वाचणारी बसलेली होती. मान खाली, मांडीवर पुस्तक उघडं. पुस्तकावर मंगळीने काडेपेटी ठेवली होती.

कोपराचा टवका होताच. तळाशी कवच फाटलं होतं. मी उचलली तर ओली आणि जड. उलटी केली. आतलं प्लास्टर नाहीच. त्या जागी माती. काळी, ठासून भरलेली, वर बोटांचे ठसे.

"हे काय केलंस?"

"आतलं पांढरं भिजून गळाया लागलं, मंग खरवडलं सगळं. म्हनलं आत काय लपवलं असंल. काय नाय! मंग नदीची माती घातली. आता बघ कशी बसली हाय. वारा आला तरी हलत नाय."

सत्तर वर्षांची वस्तू. मी ती ओलीच छातीशी धरली. टेलिफोन खात्यातल्या माझ्या हाताखालच्या मुलींनी हे दृश्य बघायला हवं होतं.

"ही माझी आहे," एवढंच म्हटलं.

"तुझी व्हती तर पान्यात कशाला सोडलीस?"

"मी नाही सोडली. यांनी सोडली."

"मंग यांची व्हती?"

"नाही."

मंगळीने पुंडलिकरावांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "म्हंजी तुम्ही दुसऱ्याची देवी सोडलीत?"

झाल्या प्रकाराबद्दल नेमकं बोललेली ही पहिली व्यक्ती. ती मला 'तू' म्हणत होती, तेही चाललं.

पण द्यायला तयार नाही. नदीनं दिलं ते आपलं, हा तिच्याकडचा कायदा. पुंडलिकराव पोलिसांचं काहीतरी पुटपुटले. मी म्हटलं, "पोलिसात मी आधी तुमचं नाव सांगेन." मंगळी हसली. मग मला विचारलं, "अजून हायत तुझ्याकडं अशा?"

"कपाटभर."

"मंग बदल्यात दे एक."

"एक मिळत नाही. या जोडीनेच असतात."

"जोडी काय करू? एक घेतली, एक दे. जास्त नको मला."

परत येताना बसमध्ये बसायला जागा होती आणि मी नागोठण्यापर्यंत उभीच होते, लक्षात आलं नाही.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

तीन दिवस कपाटापुढे खुर्ची टाकून बसते आहे. कोणती जोडी फोडायची?

दातांच्या डॉक्टरची फोडणार नाही. हत्ती? दोन्ही हत्ती डोकं लावून ढकलताहेत, एक इकडून, एक तिकडून. घुबडं? एका घुबडाचा कान झिजला आहे. होड्या? शिडं फुगलेल्या दोन होड्या, एकीचा रोख डावीकडे, एकीचा उजवीकडे. एक पूर्ण जोडी परत मिळवायची तर दुसरी अर्धी करायची. गणित शून्यावर येतं. तरी मला वाचणारी हवी आहे. का, ते मी स्वतःला विचारलं आणि उठून चहा केला.

ठरवलं. घुबडं पुढे करायची, हत्ती राखीव, होड्या अगदीच वेळ आली तर. झिजक्या कानाचं घुबड तिच्या गळ्यात मारता आलं तर बरं. हे लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

पुंडलिकरावांचा टॉवेल धुतला. दुसरे कपडे होतेच.

शनिवार, १० ऑक्टोबर

दोन पिशव्या घेऊन निघाले. कंडक्टर म्हणाला, "बाई, एवढं जड काय?"

"घुबडं."

त्याने तिकीट दिलं आणि रोह्यापर्यंत माझ्याकडे फिरकला नाही.

स्टँडवर पुंडलिकराव उभे होते. मी कळवलं नव्हतं. कोणत्या बसने येणार हेही नाही. "सहज आलो होतो," म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत दोन्ही पिशव्या उचलल्या. वाटेत दोनदा खाली ठेवल्या, दोन्ही वेळा मला नदीकडचं काहीतरी दाखवायच्या निमित्ताने.

मंगळीने गोणपाट अंथरलं. मी दुकानदारासारखी मांडामांड केली.

घुबड तिने हातात सुद्धा घेतलं नाही. "हे? हे तर रातच्याला फुकट येतं, आम्ही दगड मारून घालवतो. बाय, तू ठेवतेस हे घरात? म्हनून तर!"

"म्हणून तर काय?"

तिने हत्ती उचलला, वळवून बघितला. "हा कशाला ढकलतोय? पुढं काय हाय?"

"पुस्तकं असतात मधे. तो पुस्तकं धरून ठेवतो."

"माझ्याकडं पुस्तकं नायत. मंग हा उगाच ढकलत बसंल रोज. नको, जीव घाबरा व्हईल माझा."

होडी तिने बघितली आणि तिचे हातच बदलले. शिडावरून अंगठा फिरवला, तळ बघितला, पुढचं नाळेचं टोक बघितलं. "ही."

"दोन्ही घे," मी म्हटलं. "जोडी आहे. फोडू नये."

"दोन होड्या कोन वल्हवील? मानूस मी एकली."

"मग उरलेलीचं मी काय करू?"

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. तू बी एकलीच हायस ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

तिने हनुवटीने पुंडलिकरावांकडे दाखवलं. ते एकदम नदीकडे तोंड करून पाण्याचा अंदाज घेऊ लागले.

मी होडी हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. तीस वर्षांत एकही जोडी फोडलेली नाही. अर्धी वस्तू मी कधी घेतली नाही आणि विकतही दिली नाही. कोणी अर्धी घेऊन आला तर तिचा जोडीदार कुठे गेला हे विचारून त्याला हाकलून दिलं आहे. आणि आता मी स्वतः, स्वतःच्या हाताने.

दिली.

मंगळीने वाचणारीच्या मांडीवरून काडेपेटी उचलली, तिचं डोकं पदराने पुसलं आणि मला दिली. मग होडी टोपलीवर ठेवली, नदीकडे तोंड करून. होडीवर काडेपेटी ठेवून बघितली. घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. शेवटी ती कुडात खोचली. "हिची मांडी बरी व्हती," म्हणाली. पण होडी परत देते म्हणाली नाही.

रविवार, ११ ऑक्टोबर

वाचणारी आणि थांबलेली कपाटात, शेजारी शेजारी. जोडी पूर्ण झाली. माझी मागणी मान्य झाली असं म्हणायला हरकत नाही.

उरलेली होडी खालच्या फळीवर ठेवली. बरी दिसत नाही. टीव्हीवर ठेवली. तिथेही नाही. सध्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, बाहेर तोंड करून.

बुधवार, १४ ऑक्टोबर

वाचणारीला वाळायला ओट्यावर ठेवलं होतं. माती आकसून तळाशी एक चीर गेली आहे. सगळी माती काढून नीट प्लास्टर भरून घ्यायचं असं मी ठरवलं होतं, आणि प्लास्टरचा माणूस जगात दुसरीकडे कुठे शोधायला नको. मोरूला बोलावलं. तो हातात घेऊन फिरवत बसला.

"बाई, कोपर भरून देतो. वर सोनेरी मारतो. पाहिजे तर डोळे पन उघडून देतो."

"तिचे डोळे पुस्तकात आहेत. ती कशाला उघडेल?"

"मग निदान कोपर. काय झालं व्हतं ते ओळखू येनार नाय."

"ओळखू यायला हवं," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. तोंडातून गेलं.

त्याने तळाच्या मातीत अंगठा दाबला. "झकास माती हाय. कुठली?"

"रोह्याची. नदीतली."

"छ्या! रोह्याला अशी माती नाय मिळत. ही आपल्या पेणचीच असनार."

मी म्हटलं, मंगळीने माझ्यासमोर सांगितलं आहे. तो म्हणाला, तिला काय कळतंय. यावर आमचा अर्धा तास वाद झाला, आणि वादाच्या भरात मी मंगळीची आणि कुंडलिकेच्या गाळाची बाजू घेऊन भांडले. मोरू गेल्यावर लक्षात आलं की माती काढायचं राहूनच गेलं. राहू दे सध्या. घाई नाही.

दुपारी पुंडलिकराव. टॉवेल न्यायला आले होते.

"माझ्या पत्राचं लेखी उत्तर?"

"समितीची बैठक अजून झाली नाही हो. म्हटलं, समक्षच सांगावं."

"काय सांगावं?"

"हेच, की बैठक झाली नाही."

चहा दोनदा झाला. वाचणारीकडे बराच वेळ बघत होते. म्हणाले, "बाई, खरं सांगतो, आरतीच्या वेळी मलाही वाटलं होतं की ही मध्येच वाचत होती, पुरं होऊ द्यायला हवं होतं." मी म्हटलं, हे त्यांनी आरतीच्या वेळी बोलायला हवं होतं.

टॉवेल पुन्हा विसरले. इस्त्री करून, घडी घालून समोरच ठेवला होता. इतका विसराळू माणूस संस्था चालवतो कशी?

शुक्रवार, २३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. मला फराळ करायचा नसतो आणि कोणी आणून दिलेला आवडत नाही.

आज गिरजाबाई आल्या. करंज्यांचा डबा घेऊन, एकट्या, दोन बस बदलून. पेणला आयुष्यात दुसऱ्यांदा आल्या म्हणे. पहिल्यांदा लग्नाच्या बस्त्याला. पाणी घेतलं आणि थेट कपाटापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"ताय, काच उघडता?"

पाहुण्यांसाठी मी काच उघडत नाही. उघडली.

त्यांनी हात लावला नाही. बघत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"मला वाचाया येत नाय. सकाळी कुलूप काढते, झाडते, पेपर लावते. मानसं येतात नऊनंतर. तवर मी एकलीच असते त्या एवढ्या पुस्तकांत. सगळी पाठ करून उभी. ते नऊ दिवस मी झाडत व्हते न ही वाचत व्हती. मोठ्यान नाय, पन वाचत व्हती. कोनतरी हाय असं वाटायचं. मंग भंगली, आनि सगळे बोलले सोडा. मला सोडवत नव्हती, ताय. म्हनून मीच घेतली हातात. दुसऱ्या कोनी टाकली असती."

मी काच पूर्ण उघडी केली.

त्यांनी कपाटभर नजर फिरवली. हत्ती, घुबडं, दातांच्या डॉक्टरची जोडी. "ही हितं काय वाचते आता?"

"म्हणजे?"

"म्हंजी पुस्तकं कुठं हायत?"

मी बघितलं. या कपाटात एकही पुस्तक नाही. हत्ती डोक्यासमोर डोकं करून उभे आहेत, मधे बोटभर फट. पुस्तकं ट्रंकेत, पलंगाखाली. जोड्या वाढत गेल्या तशी जागा पुरेना, म्हणून मीच काढली होती.

मी त्यांना सांगितलं की जागेची अडचण आहे. त्या "व्हय व्हय" म्हणाल्या, अगदी समजुतीने, आणि मला त्याचा फार राग आला. स्टँडपर्यंत सोडायला गेले. बस सुटेपर्यंत थांबले, कारण त्यांना पाटी वाचता येत नाही.

करंज्या गोड जास्त होत्या. चार खाल्ल्या.

शनिवार, २४ ऑक्टोबर

ट्रंक बाहेर ओढली. कंबर धरली. पुस्तकांना वास येतो आहे, उन्हात घातली. मोरूने कुंपणावरून विचारलं, "बाई, दुकान काढताय?" त्याला म्हटलं, तुझी धूळ जरा दोन तास बंद ठेव. चक्क ठेवली.

रविवार, २५ ऑक्टोबर

पत्र लिहिलं. रात्रभर उशाखाली ठेवायची गरज वाटत नाही. उद्या टपालात टाकते. नक्कल इथे उतरवून ठेवते, कारण त्या लोकांचा भरवसा नाही.

"चिटणीस, वाचनालय, रोहा, यांस,

महोदय,

'सप्रेम नमस्कार' मुद्दाम गाळला आहे, याची नोंद घ्यावी.

आपल्या संस्थेने दिनांक १ ऑक्टोबर रोजी माझी वस्तू बुडवली. ती मी परत मिळवली. त्या कामी आपण धरलेल्या बांबूचा काडीचा उपयोग झाला नाही. माझं ३ तारखेचं पत्र अनुत्तरित आहे. त्यावर आपण तीनदा तोंडी बोललात, त्यातून काहीही निष्पन्न झालं नाही.

आता असं आहे. गुरुवार, ५ नोव्हेंबरपासून वाचणारी आणि थांबलेली या दोघी आपल्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलामागच्या फळीवर राहतील. पाहुण्या म्हणून नाही, कायमच्या. दोघींच्या मधे पुस्तकं हवीत. ती लोक वाचतात अशी असावीत, प्रमुख पाहुण्यांनी भेट दिलेली नकोत. काही मी सोबत आणते आहे. वाचणारीचं कोपर जसं आहे तसं राहील. त्यात प्लास्टर भरू नये, त्यावर सोनेरी मारू नये, आणि पोटातल्या मातीला कोणी हात लावू नये. ती कुंडलिकेची आहे. पेणची आहे असं कोणी म्हटल्यास ते खोटं आहे.

दसऱ्याला कुंकू लावायचंच असेल तर तळाच्या पट्टीवर लावावं. पुस्तकावर लावू नये, तिला अक्षर दिसणार नाही. भंगलेली वस्तू ठेवू नये असं कोणाचं मत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवावं. माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि मला अजून कोणी नदीत सोडलेलं नाही.

नदीकाठच्या वाडीतली मंगळी हिला वाचणारी बघायला यायचं असेल तेव्हा येऊ द्यावं. वर्गणी विचारू नये आणि काय काम आहे असंही विचारू नये. तिने पुस्तकावर काडेपेटी ठेवली तर ठेवू द्यावी.

दर गुरुवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे वाचनालय लोकांसाठी उघडण्याच्या आधी, मी येईन. गिरजाबाई झाडतील आणि मी मोठ्याने वाचेन. काय वाचायचं ते त्या ठरवतील. मला हातांची, न डुगडुगणारी खुर्ची लागते.

वरील सर्व मान्य आहे की नाही याचं उत्तर लेखी, सहीशिक्क्यानिशी, शनिवार दिनांक ३१ ऑक्टोबर १९९८, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी उत्तर धरलं जाणार नाही. बैठक झाली नाही ही सबब चालणार नाही. उत्तर घेऊन आपण समक्ष आलात तर माझी हरकत नाही, मात्र कागद आधी, चहा नंतर.

मालू टिपणीस"